तिसरी हाक

भुसावळला, जामनेर रोडच्या मंगल कार्यालयात,
कालच्या लग्नाची थर्मोकोलची अक्षरं अजून भिंतीवर होती,
वधूचं नाव अर्धं उतरवलेलं.
त्याखाली बावीस टेबलं, आणि दारात हाताने रंगवलेला फलक :
खेळमेळा, वर्ष दुसरं. चपला बाहेर काढू नयेत, चोरीला जातात.

मी फक्त पोराला सोडायला आले होते, संध्याकाळी, बँक सुटल्यावर.
तो पत्त्यांच्या टेबलाकडे पळाला, मागे न बघता,
आणि कूलरजवळच्या टेबलावर एक माणूस कमी पडत होता.
"काकू, बसता का? काही येत नसलं तरी चालतं,"
ओजस फेगडे म्हणाला. वय बावीस, आवाज बसलेला,
सकाळपासून तीनदा त्याने जग बुडवलं होतं.

त्याने मला एक कागद दिला.
नाव : यमुना. वय : एकोणीस. हत्यार : केळीचा घड कापायचा विळा.
ताकद चाळीस. नशीब तीस.
आणि खाली कोपऱ्यात, चौकटीत : भान, पंचावन्न.
भयंकर काही दिसलं की फासे टाकायचे,
आकडा भानाच्या वर गेला की भान खोडायचं.
पेन्सिलीने लिहा, म्हणाला, सारखं खोडावं लागतं.
मी एकोणीस वर्षं लोकांच्या शिलका लिहिते आहे,
असा रकाना कुठल्या पासबुकात पाहिला नव्हता.

गोष्ट रावेरकडची. केळीची बाग, रात्र,
ठिबकच्या नळ्यांतून पाण्याऐवजी काहीतरी येतंय.
काय, ते ओजसने सांगितलं नाही.
नुसता बाटलीचं झाकण हळूहळू फिरवत राहिला.
बागेत शिरलेला डॉक्टर पहिल्या अर्ध्या तासात गेला;
तो खेळणारा गौरांग झोपे, मेल्यावर,
उठून सगळ्यांसाठी शेवमुरमुरे घेऊन आला
आणि आपल्याच प्रेताशेजारी बसून खाऊ लागला.
नाझनीनच्या हवालदाराचं भान अकरावर आलं.
ती हसत होती. तिची पेन्सिल हसत नव्हती.

मग ओजस माझ्याकडे वळला.
"बांधाच्या पलीकडून हाक येते. तुझ्या भावाचा आवाज.
यमुने."
मी गप्प.
"यमुने."
मी गप्प.
"काकू, काय करता? पळता, की ओ देता?"

निंभोऱ्याचा मळा. मी सात वर्षांची, सगळीकडून सारख्याच केळी.
रमजान तडवी, राखणदार, विडी ओंजळीत लपवून ओढणारा,
म्हणाला होता,
"मानूस तीनदा हाक मारते, बाई. ते दोनदाच.
त्याले तिसरी येत नाही."

"मी थांबते," मी म्हटलं. "तिसऱ्या हाकेची वाट बघते."
ओजसने पुस्तक चाळलं. पुढे, मागे.
तिथे असं काही लिहिलेलं नव्हतं.
त्याने ते मिटलं, आणि पहिल्यांदाच
त्याचा आवाज खरोखर खाली गेला.
"तिसरी येत नाही," तो म्हणाला.
"पण पानं हलायची थांबलीत."
कूलर चालू असून माझ्या मानेला घाम फुटला.
त्याने न सांगताच मी फासे उचलले.

फासे मुठीत असतानाच
छताजवळचा भोंगा खरखरला.
"शरयू भिरूड."
खरखर.
"शरयू भिरूड."
बाईचा आवाज, की मुलाचा, कळेना.
माझंच नाव.
टेबलावर कुणी हललं नाही. गौरांगचा घास हातातच.
मी आई आहे, हेड कॅशियर आहे,
नावाचा पुकारा झाला की उठायचं असतं, मला कळतं.
मी बसून राहिले.

आणि लाइट गेली.

कूलरचं पातं सावकाश थांबत गेलं,
हॉलभर पोरांनी आनंदाने आरोळी ठोकली,
लांब यार्डात एक मालगाडी डब्याला डबा आपटत सरकली.
अंधारात ओजस हळूच म्हणाला,
"काकू, हे मी नाही केलं."

"मम्मी."

अगदी कानाशी, मागून.
मी मोजायला लागले.